मानलेलं शून्य
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यात एक जुनी कबुली द्यायची आहे.

१९९५ च्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही दोघींनी माइकचा ॲम्प्लिफायर मांडला होता, आठवतंय? त्याचा ७४१ आयसी पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणला होता. पुस्तकातल्या सर्किटला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागत, कारण आवाजाची लाट शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते. आमच्याकडे पैसे एकाच बॅटरीचे. तिच्यावर जोडलं, तर लाटेचा खालचा भाग कापला गेला आणि आवाज फाटला.

बाईंनी फळ्यावर उपाय काढून दाखवला. १० किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर बॅटरीवर एकापुढे एक जोडायचे. मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्ट मिळतात. त्यालाच शून्य मानायचं. म्हणजे लाटेला वर जागा, तेवढीच खाली. तो बिंदू स्थिर राहावा म्हणून तिथून बॅटरीच्या ऋण टोकाला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आत येताना आणि बाहेर जाताना आणखी एकेक कपॅसिटर, म्हणजे साडेचार व्होल्ट आतच अडतात, आवाज तेवढा पुढे जातो. आवाज स्वच्छ आला!

प्रदर्शनाच्या सकाळी मला शोभेला लाल दिवा हवासा वाटला. मैत्रीण यायच्या आत मी एलईडी मधल्या बिंदूपासून ऋण टोकाला जोडला. त्या रेझिस्टरांतून एक मिलिअँपिअरही धड मिळत नाही. दिवा मिणमिणला आणि साडेचार व्होल्ट दोनच्याही खाली आले. इतक्या खाली ७४१ चालत नाही. परीक्षकांसमोर नुसती खरखर.

"सोल्डरिंग कोणी केलं?" असं विचारलं गेलं. ते तिनं केलं होतं. ती बोलणी खात राहिली, मी गप्प. संध्याकाळी घरी दिवा काढला, तर आवाज परत आला. तरीही मी कुणाला सांगितलं नाही.

आज मी चाकणच्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. गाडीतही १२ व्होल्टची एकच बॅटरी, आणि ऑडिओचं शून्य असंच अर्ध्यावर मानलेलं. त्या बिंदूवर भार टाकायचा असेल, तर आधी ऑप-अँपचा बफर लावतात, म्हणजे तो ढळत नाही. हे वाचताना दरवेळी मला तो लाल दिवा दिसतो.

बाई, तुमचं सर्किट बरोबर होतं. आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मैत्रिणी, तुझं सोल्डरिंगही. दिवा मी लावला होता. मला माफ कर.