रंगीत सांडपाणी आणि लाकडाचा भुसा

पंचगंगेच्या काठी वसलेल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे या गावाची ओळखच कापडाची झाली. मागावरून उतरलेले कापड मात्र जसेच्या तसे बाजारात जात नाही. ते धुवावे लागते, त्याचे विरंजन करावे लागते, रंगवावे लागते; आणि या प्रत्येक पायरीला पाणी लागते. सोलापुरी चादरीचे सूत विणण्यापूर्वीच रंगवितात, परंतु पाण्यावाचून तेथेही चालत नाही. रंगाच्या कुंडातून बाहेर पडणारे हे पाणी प्रक्रियेवाचून ओढ्यात सोडले, तर ते अखेर नदीला मिळते. पंचगंगा इचलकरंजीहून पुढे शिरोळ तालुक्यातून वाहत नृसिंहवाडीस कृष्णेत विलीन होते. वाटेत तिच्या पाण्यावर ऊस उभा आहे, गुरे आहेत, गावे आहेत. रंगाऱ्याच्या कुंडाचा प्रश्न त्याच्या आवारापुरता राहत नाही, तो यामुळेच.

गिऱ्हाईक ज्याला 'पक्का रंग' म्हणून पसंत करते, तोच नदीला जड जातो. उन्हाने विटू नये, साबणाने जाऊ नये, अशाच बेताने त्याची घडण केलेली असते. साहजिकच सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांतील जिवाणूंनाही तो सहजासहजी दाद देत नाही. काही रंग लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅम असले तरी डोळ्यांना जाणवतात. सुती कापडासाठी १९५६ पासून बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात खरे. पण त्यांतील बराच भाग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि वाया जाऊन गटारात उतरतो.

असा रंग पकडून ठेवण्याचे प्रभावी साधन म्हणजे सक्रियित कोळसा. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू चिकटून बसतात. या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात. परंतु हा कोळसा लहान रंगशाळेच्या खिशाला परवडणारा नाही. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष लाकडाच्या वखारीत ढिगाने पडलेल्या भुशाकडे वळले. आयर्लंड बेटावरील बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठातील पूट्स, मॅके आणि हीली यांनी १९७६ साली, अम्लीय रंग पाण्यातून काढण्यासाठी लाकूड कितपत उपयोगी पडते, यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडे हिसारच्या गुरु जांभेश्वर विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली शिसवीच्या भुशावरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी भुशाचा एक भाग फॉर्मॅल्डिहाइडने आणि दुसरा गंधकाम्लाने संस्कारित केला व मिथिलीन ब्ल्यू हा रंग काढून पाहिला. सक्रियित कोळसा पहिला आला, गंधकाम्लाचा भुसा दुसरा आणि फॉर्मॅल्डिहाइडचा तिसरा. फुकट मिळणाऱ्या वस्तूने महागड्या वस्तूच्या मागोमाग यावे, हे काही लहान यश नव्हे.

तथापि, या यशातील एक बारकावा ध्यानी घेतल्यावाचून कोणी भुशाची पोती भरू नयेत. लाकूड हे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. पाण्यात भुशाच्या पृष्ठभागावर सामान्यतः ऋण विद्युत्भार येतो. मिथिलीन ब्ल्यूसारख्या बेसिक रंगावर धन भार असतो; म्हणून तो भुशाकडे ओढला जातो. ॲक्रिलिक सुतासाठी याच जातीचे रंग वापरतात, आणि तेथे भुसा चांगले काम देण्याजोगा आहे. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित असतात, आणि त्यांचे सांडपाणी सोड्यामुळे चांगलेच अल्कलीयुक्त असते. तेथे भुसा आणि रंग परस्परांना दूर सारतात. पाणी आम्लधर्मी केले, किंवा भुशावर धन भार येईल असा रासायनिक संस्कार केला, तर काम साधते; पण त्याचा खर्च वाढतो आणि 'फुकटचा भुसा' फुकटचा राहत नाही.

यास्तव प्रत्येक रंगशाळेने आपल्याच पाण्यावर आधी परीक्षा घेणे श्रेयस्कर. भुसा चाळून, नितळ पाणी येईपर्यंत धुवून वाळवावा. न धुतलेला भुसा स्वतःचाच तपकिरी रंग पाण्यात सोडतो. मग चार बरण्यांत एकेक लिटर सांडपाणी घेऊन एक बरणी तशीच ठेवावी व इतरांत २, ५ आणि १० ग्रॅम भुसा घालून तासभर ढवळावे आणि गाळून पाहावे. बारीक भुसा अधिक रंग धरतो. पण पिंपात भरून त्यातून पाणी सोडले, तर तोच लवकर तुंबतो.

बरणीतले पाणी स्वच्छ दिसले, तरी ते निर्दोष झाले असे समजू नये. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या गडद छटेसाठी कुंडात दर लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ घालावे लागते. विरघळलेल्या या मिठाला भुसा हातही लावत नाही. ते शेतात गेले, तर जमीन खारवते. रंग दिसतो म्हणून तक्रार होते. मीठ दिसत नाही, एवढाच फरक. तेव्हा भुसा हा शुद्धीकरणातील एक टप्पा होय. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची जागा तो घेऊ शकत नाही.

आणि रंग प्यालेल्या भुशाचे काय? रंग नाहीसा झालेला नाही, त्याने केवळ घर बदलले आहे. तो उकिरड्यावर टाकला, तर पहिल्याच पावसात रंग पुन्हा ओढ्यात उतरू शकतो. साध्या भट्टीत जाळणेही निर्धोक नाही. काही फिरोजी रंगांत तांबे असते आणि ते राखेत राहते. असा भुसा छपराखाली, पक्क्या फरशीवर साठवावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट लावावी. घातक कचऱ्यासाठी राज्यात तळोजे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामाईक केंद्रे आहेत. तेथवरचे गाडीभाडे आणि विल्हेवाटीचा आकार भुशाच्या किमतीत धरूनच रंगशाळेने आपला हिशेब मांडावयाचा आहे.