वळीव आणि विमान



वसंतातल्या व्याख्यानाला एक श्रोता निमंत्रणावाचून येतो. तो म्हणजे वळीव. संयोजक मंडळी दुपारपासून आभाळाकडे पाहत असतात ती त्याच्याच धास्तीने. आज आम्ही ह्या वळवाविषयीच बोलणार आहोत; मात्र विमान चालवावयास शिकणाऱ्या मुलामुलींच्या बाजूने.

युनियनच्या माणसाला विमानाच्या हवामानाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आम्हांस शाळा फारशी लाभली नाही. जे शिकलो ते गरज पडली तेव्हा. आमच्या एका सभासदाची कन्या वैमानिक होण्याचे शिक्षण घेत आहे. परीक्षेपूर्वी तिने हवामानशास्त्राचे पुस्तक आमच्या हाती दिले व म्हणाली, "काका, मला प्रश्न विचारा." विचारता विचारता विद्यार्थी आम्हीच झालो.

पहिला धडा उन्हाचा. विमान हवेच्या आधारावर तरंगते, आणि तापलेली हवा विरळ असते. बारामतीचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. शास्त्राच्या हिशेबाने तेथे ११ अंश उष्णता प्रमाण धरतात. मे महिन्याच्या दुपारी तेथे ४० अंश असले तर २९ अंश जास्त झाले. दर अंशामागे सुमारे १२० फूट धरा. म्हणजे साडेतीन हजार फूट वाढले. विमान उभे आहे २,००० फुटांवर, पण त्याच्या पंखांना व इंजिनाला वाटते आपण साडेपाच हजारांवर आहोत. धावपट्टी तीच, विमान तेच, वजन तेच. परंतु सकाळी जे सहज उठते ते दुपारी कुंथत उठते.

दुसरा धडा ओलाव्याचा. विमानतळाच्या हवामानवृत्तास 'मेटार' म्हणतात. त्यात वाऱ्याची दिशा व वेग, दृश्यता, ढग आणि दाब ह्यांसोबत दोन आकडे जोडीने येतात: उष्णता आणि दवबिंदू. दवबिंदू म्हणजे ज्या उष्णतेला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ती. ह्या दोहोंत जितक्या अंशांचे अंतर, त्यास ४०० ने गुणा. दुपारच्या पुंजमेघांचा तळ अंदाजे तितक्या फुटांवर सापडतो. ३८ आणि १८ असतील तर ८,००० फूट. हिवाळ्याच्या पहाटे तेच अंतर एक-दोन अंशांवर आले, की धुके दाराशी आले समजावे.

आता वळीव. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते, तिचा ढग होतो, आणि तो चाळीस-चाळीस हजार फुटांपर्यंत मनोरा रचतो. त्यातून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकू लागतो. सुकताना हवा गार होते. गार हवा जड, ती धान्याचे पोते पडावे तशी खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पावसाआधी जो थंड झोत येतो, मातीचा वास आणतो, आपण अंगणात उभे राहून "हुश्श" म्हणतो, तो हाच.

आपल्याला सुखावणारा हा झोत उतरणाऱ्या विमानाचा वैरी आहे. आधी तो समोरून येतो. विमान वर उचलले जाते आणि चालक जोर कमी करतो. क्षणात झोताची दुसरी बाजू येते. वारा पाठीमागून लागतो, पंखांवरची हवा मंदावते आणि विमान खचते. जमीन जवळ असली तर सावरण्यास अवकाश उरत नाही.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर असेच घडले. विमानतळावर गर्जनमेघ आला होता. आधी उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या कप्तानाने नियंत्रकास बजावले होते की येथे वाऱ्यात भयंकर फरक आहे, धावपट्टी बदला. त्यानंतरच्या एका विमानाने तर उतरणे सोडून दिले. तरी धावपट्टी बदलली नाही. थोड्याच वेळात ईस्टर्न कंपनीचे बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. १२४ पैकी ११३ माणसे गेली.

ह्या अपघाताचा छडा तेत्सुया फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने शिकागोत लावला. १९४५ साली नागासाकीची राखरांगोळी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. वरून आदळलेला जोर जमिनीवर कसा फाकतो हे त्यांच्या डोळ्यांत बसले होते. वादळी ढगाखालच्या झोतास त्यांनी 'डाऊनबर्स्ट' असे नाव दिले. अनेकांना ते पटेना. तेव्हा १९७८ साली रडार लावून त्यांनी तो मोजून दाखविला.

शास्त्र पुढे गेले हे खरेच. परंतु आमचे मन त्या कप्तानापाशी अडते. ज्याच्या हाताखाली यंत्र थरथरले त्याने सांगितले होते! आम्ही ज्या कारखान्यात होतो तेथेही एका प्रेसवाल्याने सांगितले होते की जाळी बसवल्याखेरीज मशीन चालवू नका. उत्पादन थांबेल म्हणून चालविले. दुसऱ्या पाळीत एका पोराची तीन बोटे गेली.

शिकाऊ वैमानिकाचीही गत तीच. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागतात. पुष्कळ घरी ते कर्जाचे असतात. तास बुडाला तर बाप काय म्हणेल, शिक्षक काय म्हणेल, हे ओझे त्या पोरीच्या मनावर असते. तिच्या पुस्तकात गर्जनमेघापासून २० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर दूर राहा, असे लिहिले आहे. ते वाचणे सोपे आहे. ढग १५ मैलांवर दिसत असता, इंजिन सुरू झालेले असता, "आज नाही" म्हणणे कठीण आहे.

म्हणून आमचे तिला सांगणे असे: किती वारा, किती दृश्यता, किती उंच ढग आपणांस झेपतो, हे आदल्या रात्री थंड डोक्याने वहीत लिहून ठेव. सकाळी वृत्त त्याच्याबाहेर गेले तर वाद घालू नकोस, किल्ली परत दे. आकाशात धक्का बसला तर लाजू नकोस. लगेच नियंत्रकास कळव. तुझ्या मागून कोणी येत असतो.

आणि आपणां वडीलधाऱ्यांस विनंती अशी, की मूल उड्डाण न करता घरी आले तर "पैसे फुकट गेले" असे म्हणू नका. आधी "आभाळ कसे होते?" एवढेच विचारा. बाहेर वारा गार झालेला दिसतो. आपणही वेळेवर थांबावे हे बरे.