गाडी कंपनीची, बोनस कुणाचा?

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला मोटारीच्या विम्याचे हे काय गुऱ्हाळ, असे काहीजणींच्या मनात आले असेल. पण आपल्या जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सळईचे कारखाने आहेत, आणि कितीतरी घरांपुढे कंपनीची गाडी उभी असते. नोकरी आहे तोवर त्या गाडीच्या कागदांना आपण हातसुद्धा लावीत नाही. नोकरी संपल्यावर काय होते, ते आमच्या घरी झाले तसे सांगते.

आमचे हे एका बियाणे कंपनीत फिरतीवर होते. कंपनीने नवी गाडी यांच्याच ताब्यात दिली होती. सहा वर्षे यांनी ती भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा अशी चारी दिशांना पळवली. एक ओरखडा नाही. मागच्या चैत्रात यांनी नोकरी सोडली आणि कंपनीने तीच गाडी ठरल्या किमतीत यांना दिली. वैशाखात आरटीओतून गाडीचे पुस्तक यांच्या नावावर झाले. पेढे वाटले. विम्याचे काय, असे मी विचारले, तेव्हा हे म्हणाले, "अगं, विमा श्रावणापर्यंत भरलेला आहे." मीही गप्प बसले.

ज्येष्ठात अंबडहून येताना गोलापांगरीच्या अलीकडे एक बैल दावे तोडून रस्त्यावर आला. देवाच्या दयेने बैलही वाचला आणि हेही वाचले, पण गाडीचे तोंड चेपले. तेवीस हजारांचा खर्च निघाला. विम्याच्या कचेरीत चौकशी केली तर उत्तर मिळाले की पॉलिसी कंपनीच्या नावावर आहे आणि गाडी तुमच्या. हे पैसे मिळायचे नाहीत. मला फार राग आला. परंतु पुढे कळले ते असे, की गाडी विकली म्हणजे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा जो सक्तीचा विमा असतो, तो कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र तसा जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच एका खटल्यात ही गोष्ट स्पष्ट केली होती. आम्ही अर्जच केला नव्हता. मग दावाही नोंदवला नाही. माझ्या पाटल्यांसाठी साठवलेले पैसे गॅरेजात गेले.

श्रावणात पॉलिसी संपत आली. एजंट घरी आले आणि त्यांनी आकडा सांगितला, तो मागच्यापेक्षा बराच मोठा होता. मी जुनी पॉलिसी काढून पुढे ठेवली. तिच्यात पन्नास टक्के नो क्लेम बोनस लिहिला होता. ज्याने वर्षभर विम्याचे पैसे मागितले नाहीत, त्याला पुढच्या वर्षी मिळणारी ही सूट. पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाच वर्षांनी पन्नास. ती सबंध हप्त्यावर नसते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरच असते. आमचा तो हप्ता 7,600 रुपये होता, म्हणजे प्रश्न 3,800 रुपयांचा होता.

एजंट म्हणाले, "वहिनी, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मालक कंपनी होती. तुमची सुरुवात शून्यापासून."

त्यांचे बोलणे अर्धे खरे होते. बोनस गाडीमागे जात नाही, माणसामागे जातो. म्हणूनच जुनी गाडी विकून नवी घेतली तरी आपला बोनस आपल्याजवळ राहतो, आणि तसे पत्र घेऊन ठेवले तर तीन वर्षांपर्यंत चालतो. पण सहा वर्षे गाडी जपली यांनी, आणि पुण्य जमा झाले कंपनीच्या खात्यात, हे काही माझ्या मनाला पटेना.

आमच्या गल्लीत विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी 2002 सालच्या मोटार टॅरिफचे पुस्तक काढून नियम वाचून दाखवला. गाडी ज्या नोकराच्या ताब्यात होती आणि जी फक्त त्यानेच वापरली, ती त्याच्याच नावावर झाली, तर त्या काळात संस्थेने मिळवलेला बोनस त्याला द्यावा. त्यासाठी संस्थेचे तसे पत्र हवे. विम्याचे दर 2007 पासून मोकळे झाले, पण बोनसची ही रीत कंपन्यांनी चालू ठेवली आहे, असे काका म्हणाले.

यांनी जुन्या कचेरीतून पत्र आणले. त्यात "यांनी सहा वर्षे आमच्याकडे समाधानकारक सेवा केली" असे लिहिले होते! ते काय विम्याला चालणार? परत पाठवले. दुसऱ्या पत्रात गाडीचा नंबर आला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गाडी यांच्या ताब्यात होती ते आले, आणि "केवळ यांनीच वापरली" हे शब्द आले. त्या एका "केवळ"साठी यांना औद्योगिक वसाहतीत तीन खेपा घालाव्या लागल्या. घाई होती, कारण पॉलिसी संपून नव्वद दिवस गेले की बोनस बुडतो. आमचा बुडाला नाही.

माझ्या धाकट्या दिरांचे मात्र तसे झाले नाही. ते पुण्यात असतात. त्यांनी कंपनीची गाडी कंपनीला परत केली आणि बाजारातून दुसरी घेतली. त्यांना काही मिळाले नाही, कारण गाडीच त्यांच्या नावावर झाली नव्हती. इंग्लंडात काही विमा कंपन्या मालकाचे पत्र पाहून अशालाही सूट देतात म्हणे. आपल्याकडच्या त्या नियमात तशी सोय नाही. भाड्याने लावलेल्या पिवळ्या पाटीच्या गाडीचा बोनसही घरच्या गाडीला लागत नाही.

आता आपल्या बायकांच्या कामाचे. गाडी कंपनीच्या नावावर होती तोवर पॉलिसीत मालक-चालकाचा अपघात विमा नव्हताच, कारण कंपनी म्हणजे काही माणूस नव्हे. गाडी यांच्या नावावर झाली तेव्हा तो पंधरा लाखांचा विमा आला, आणि त्याबरोबर वारसाचा रकाना आला. एजंटांनी तो कोरा सोडला होता. मी माझे नाव लिहायला लावले. यांना जरा ओशाळल्यासारखे झाले, पण मी हटले नाही. कौतुकाने बायकोच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी हेही पाहावे, की तिच्याजवळ लायसन्स नसेल तर हा विमा तिला मिळत नाही. आणि गाडीचा मालक वारला व गाडी बायकामुलांकडे राहिली, तर त्याचा बोनस त्यांना मिळतो. दुःखाच्या दिवसांत हे सांगायला कोणी येत नाही, म्हणून आज सणाच्या दिवशी सांगितले.

त्या दुसऱ्या पत्राची नक्कल मी आणली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी तिळगूळ झाल्यावर उतरून घ्यावी. कंपनीचे नाव मी झाकले आहे, "केवळ" तेवढे झाकलेले नाही.