पडवीची भिंत कोरडी कशी राहील?



घरात माणसं वाढली, किंवा मसाल्याचा, शिवणाचा धंदा सुरू केला, की जागा कमी पडते. मग गटातून कर्ज काढून आपण घराला पडवी वाढवतो. कोकणात अजून पुष्कळ ठिकाणी ही पडवी लाकडी खांब-वाशांची असते आणि मधल्या भिंती कुडाच्या किंवा फळ्यांच्या. कर्जाचे हप्ते फिटायच्या आधीच खांबाचा बुंधा कुजला, तर पैसा गेलाच आणि डोक्यावरचं छप्परही धोक्यात आलं.

लाकूड भिजलं म्हणून लगेच कुजत नाही. भिजून पुन्हा वाळलं, तर ते वर्षानुवर्षं टिकतं. ओल आत कोंडून राहिली, की कूज लागते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी ते कुजवू शकत नाही. ओलसर लाकडाकडे वाळवीही वळते.

‘सिमेंटचा गिलावा मारला की काम पक्कं,’ असं आपण ऐकतो. चिऱ्याच्या भिंतीला तो चालतो. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून सांध्यात केसासारखी चीर पडते. झडीचं पाणी त्या चिरेतून आत जातं आणि लवकर बाहेर पडत नाही. वरून भिंत छान दिसते, आत खांब कुजत असतो. वरून ऑइलपेंट दिला, तर ओल आणखीच कोंडते.

मग करायचं काय? दोन गोष्टी. पाणी लांब ठेवायचं, आणि आलेलं पाणी वाळायला वाट द्यायची.

आधी पाणी लांब ठेवू. पडवीचं छप्पर जुन्या घराच्या वळचणीखाली नीट सरकवून घ्या. गळती बहुतेक याच जोडावर होते. छप्पर भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट येऊ द्या. जोतं दीड-दोन फूट उंच ठेवा. खांब मातीत पुरू नका, दगडी तळखड्यावर उभा करा. पागोळ्या पडतात तिथे खडी पसरा, म्हणजे चिखल भिंतीवर उडणार नाही. पाण्याला उताराची चर काढा.

आता वाळायची वाट. कुडाच्या भिंतीला मातीचा लेप आणि वर चुन्याचा गिलावा किंवा चुन्याचे पातळ हात द्या. चुन्यातून ओल बाहेर पडते. कळीचा चुना विरवताना उकळतो, तेव्हा मुलांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. हे काम दिवाळीनंतर काढा. पावसाच्या तोंडावर केलेला गिलावा पुरता घट्ट होत नाही.

फळ्या लावणार असाल, तर वरची फळी खालचीवर चढवा. मागे उभ्या रिपा मारून बोटभर पोकळी ठेवा. ती खाली-वर उघडी राहू द्या, फक्त जाळी लावा. आत शिरलेलं पाणी खाली निथळेल आणि वाऱ्याने भिंत वाळेल.

आपल्या आज्या पावसाळ्यापूर्वी भिंतीबाहेर झावळांची झापं बांधायच्या. झड झापांवर अडायची आणि वारा खेळता राहायचा. आज ताडपत्री बांधत असाल, तर ती भिंतीला चिकटवू नका, वीतभर लांब ठेवा आणि उघडीप मिळाली की गुंडाळा.

जुनी पडवी असेल, तर पावसाळा संपल्यावर दाभण घ्या आणि प्रत्येक खांबाच्या बुंध्यात टोचून बघा. दाभण अडलं, तर लाकूड ठणठणीत. लोण्यात शिरावं तसं आत गेलं, तर सुताराला लगेच बोलवा. दुरुस्ती होईपर्यंत तिथे पोरांना झोपवू नका.

नवी पडवी बांधायची असेल, तर गवंड्याच्या हातात उचल ठेवण्यापूर्वी त्याला विचारा, “दादा, भिंतीत पाणी शिरलं, तर ते बाहेर कुठून जाईल?” त्याने जागा दाखवली, तरच काम सुरू करा. कर्ज आपण फेडणार आहोत, तेव्हा विचारायला संकोच नको.