जवसाचं तेल आणि कोपऱ्यातली टोपली



जवसाची ओळख आपल्याला करून द्यायला नको. विदर्भात हे रब्बीचं जुनं पीक, आणि जवसाची चटणी तर घरोघरी. पण आज आम्ही बोलणार आहोत ते लाकडाला लावायच्या जवस तेलाबद्दल.

गोडेतेल लाकडाला लावलं तर ते चिकटच राहतं. जवसाचं तेल मात्र वाळतं. पाण्यासारखं उडून जात नाही, तर हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि घट्ट होतं. या एका गुणामुळे ऑइल पेंट, छपाईची शाई, खिडकीच्या काचा बसवायची पुट्टी या सगळ्यांत ते वापरलं गेलं. पुट्टी म्हणजे खडूची भुकटी आणि हेच तेल. लिनोलियम नावाचं जमिनीवर अंथरायचं आवरणही त्यातूनच बनतं. क्रिकेटच्या बॅटलाही हेच तेल चोळतात.

गेल्या मिरगाच्या आधी आमच्या गटाने ठरवलं, खुरप्या-कुदळीचे दांडे आणि दाराच्या चौकटी आपणच तेलवायच्या. लाकूड कोरडं करून पॉलिश पेपरने घासलं. फडक्याने तेलाचा पातळ हात दिला, पंधरा-वीस मिनिटं मुरू दिलं आणि वर राहिलेलं तेल पुसून काढलं. हे पुसणं विसरू नका. जाड थर वाळत नाही, चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यायचा.

काम छान झालं. संध्याकाळी सगळ्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून टोपलीत कोंबला आणि टोपली खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. रात्री जळका वास आला. बघतो तर टोपलीतून धूर! शेजारच्याच खोलीत लेकरं झोपली होती.

आम्ही सगळ्या सुतारदादांवर घसरलो. तुमच्याच विडीची ठिणगी, म्हणालो. दादा शांतपणे म्हणाले, "मी दुपारीच गेलो होतो. ही आग तेलानेच लावली."

खरंच होतं. तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. फडकं पसरलेलं असेल तर ती हवेत निघून जाते. बोळ्यात मात्र कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. ओल्या कडब्याची गंजी आतून कशी तापते, ते आपल्याला माहीतच आहे. त्यातलाच हा प्रकार. दादांची आम्ही माफी मागितली.

तेव्हापासून आमचा नियम असा: काम संपलं की चिंध्या बाहेर, मोकळ्या जागी, एकेक सुटी पसरून वाळवायच्या. अगदी कडक झाल्या की मगच टाकायच्या. लगेच जमणार नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. ढीग करायचा नाही, पोत्यात भरायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट डब्याची. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं 'डबल बॉइल्ड' तेल लवकर वाळतं, कारण त्यात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. ते खायचं नाही, स्वयंपाकघरात ठेवायचंही नाही. डब्यावर ठळक लिहून ठेवा. पोळपाट-लाटण्याला लावायचं असेल तर घाण्याचं निव्वळ तेल घ्या. ते वाळायला बरेच दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

आणि हो, या तेलाने वाळवी थांबत नाही. तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

सख्यांनो, दांडे तेलवा, चौकटी तेलवा. पण झोपण्याआधी एकदा विचारा, चिंध्या कुठे आहेत?