रंगावर जाऊ नये : घराभोवतीचे लहान जीव ओळखताना

घरात आणि घराभोवती वावरणारा एखादा लहान जीव ओळखायचा म्हटले, की नजर आधी जाते ती रंगावर, आणि ओळख बहुधा तिथेच चुकते. कुंपणावरचा सरडा एरवी मातकट असतो. विणीच्या दिवसांत त्याच नराचे डोके आणि खांदे लालभडक होतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, हा कुणी निराळाच, विषारी प्राणी आला. फुलपाखराच्या एकाच जातीत नर वेगळा, मादी वेगळी, आणि मादीचीही दोन-तीन रूपे असू शकतात. पायांची संख्या, शरीराचे भाग, मिशा आहेत की नाहीत, चालण्याची ढब, बसण्याची जागा आणि दिसण्याची वेळ या गोष्टी त्या मानाने सहसा दगा देत नाहीत.

सुरुवात पाय मोजण्यापासून करावी. सहा पाय असले तर तो कीटक : मुंगी, झुरळ, माशी, ढेकूण. आठ असले तर कोळी, विंचू किंवा गोचीड. कीटकाच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग असतात आणि डोक्यावर मिशांची जोडी असते. कोळ्याच्या शरीराचे भाग दोनच, आणि मिशा मुळीच नाहीत. अळीला हा हिशेब लावताना जरा जपावे लागते. तिचे पुढचे सहा पाय खरे, टोकदार. मागे दिसतात ते नुसते मांसल आधार.

पाय मोजण्यापलीकडे गेले तर प्रश्न उरतो तो गोम की वाणी, एवढाच. जुलैमध्ये ओल धरलेल्या भिंतीवर आणि पायरीवर दोघीही दिसतात. गोमेचे अंग चपटे, चाल सुसाट, आणि शरीराच्या दर वलयाला पायांची एकच जोडी, तीही बाजूंना पसरलेली. वाणीला, जिला काही भागांत पैसा म्हणतात, बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या असतात. अंग गोल, चाल संथ, आणि काडी लावली की ती स्वतःची गुंडाळी करून पडून राहते. गोम शिकारी आहे. तिच्या डोक्यामागच्या पायांच्या पहिल्या जोडीच्या विषारी नख्या झालेल्या असतात आणि मोठ्या गोमेचा दंश चांगलाच झोंबतो. वाणी कुजका पाला खाते, चावत नाही. फार छेडली तर अंगातून एक स्राव सोडते आणि त्याचा डाग बोटावर राहतो. म्हणजे एकीपासून हात लांब ठेवायचा आणि दुसरीला कागदावर घेऊन कुंडीत सोडायचे. घरोघरी मात्र दोघींच्याही वाट्याला एकच चप्पल येते.

कोळ्यांकडे अधिक वेळ द्यावा, कारण वर्षाचे बारा महिने घरात हमखास सापडणारे हे शिकारी. छताच्या कोपऱ्यात लांबच लांब, दोऱ्यासारख्या पायांचा जो कोळी उलटा लटकलेला असतो, त्याच्या जाळ्यावर फुंकर मारली की तो सगळे जाळे गदगदा हलवू लागतो, इतके की स्वतः अंधुक दिसावा. त्याची मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून बसते. रात्री दिवा लावताच भिंतीवर पंजाएवढा चपटा, तपकिरी कोळी दिसला तर तो जाळे न विणता झुरळे पकडणारा असतो. त्याच्या मादीच्या पोटाखाली कधी पांढरट चकती दिसते; ती अंड्यांची पिशवी. तिसरा दिवसा खिडकीच्या चौकटीवर सापडतो : बुटका, केसाळ, टुणकन उडी मारणारा. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन एवढे मोठे असतात की बोट जवळ नेले तर तो वळून बोटाकडे पाहतो. पळून जाण्याआधी असा पाहून घेणारा दुसरा कोळी घरात नाही. ही एक सवय दिसली की त्याचे कूळ पक्के झाले.

या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळात काही जाती चक्क मुंगीचे सोंग घेतात. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची रांग थोडा वेळ पाहत राहावे. एखादी मुंगी रांगेपासून जराशी अंतर राखून, थांबत थांबत चालते. रंग तोच, कंबर तशीच बारीक. पण तिच्या मिशा म्हणून जे हलताना दिसते ते उचलून धरलेले पुढचे दोन पाय असतात. उरलेले पाय मोजले तर सहा भरतात, म्हणजे एकूण आठ. तिला डिवचले की ती रेशमाचा धागा सोडून खाली उतरते. मुंगीला ते कधीच जमत नाही.

भिंतीवरच्या मातीच्या घरांचेही असेच. विजेच्या बटणामागे, फोटोच्या चौकटीमागे किंवा कुलपाच्या भोकात ओल्या मातीचे लिंपण दिसते ते कुंभारमाशीचे. काळी, पिवळ्या खुणांची, आणि छाती व पोट यांच्यामध्ये देठासारखी लांब कंबर असलेली ही माशी एकटी राहते. तिचे वाळलेले, सोडून दिलेले वाटणारे घर फोडून पाहिले तर आत डझनभर कोळी कोंबलेले आढळतात. ते लुळे असतात, पण मेलेले नसतात. माशी त्यांना डंख मारून निपचित करते, त्यांच्यावर एक अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. अळी बाहेर आली की तिला ताजे अन्न तयार. कुंभारमाशी माणसाच्या वाटेला जात नाही. छज्ज्याखाली बारीक देठाने लटकणारे, कागदासारख्या पदार्थाचे, खाली तोंड असलेल्या षटकोनी घरांचे पोळे मात्र गांधीलमाश्यांचे. तिथे वसाहत असते आणि वसाहत आपले पोळे राखते. अशाच एका भारतीय जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक वर्षे काम केले. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन ती एकेकटी ओळखता येईल अशी केली, म्हणून पोळ्यात कोण काय करते याचा हिशेब मांडता आला.

न्हाणीघरातल्या फरशीवर बसलेली, पंख मिटल्यावर बदामाच्या आकाराची दिसणारी बारीक केसाळ माशी पतंग नव्हे. ती खरोखर माशीच आहे, आणि तिच्या अळ्या मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढतात. पाणी न साठू देणे पुरत नाही. तो थर खरवडून काढला तरच ती हटते. उलट, भिंतीला चिकटलेली, भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी वस्तू मळ किंवा सिमेंटचा पोपडा म्हणून सोडून दिली जाते. ती मिनिटभर न्याहाळावी. एका टोकातून इवलेसे डोके बाहेर येते आणि घरासकट पुढे सरकते. ही एका पतंगाची अळी. वाळूचे कण, धूळ आणि रेशीम यांचे हे घर तिनेच विणलेले असते. ते दोन्ही टोकांना उघडे असल्यामुळे तिला वळायला अडचण पडत नाही. ती जुनी कोळिष्टके, केस आणि लोकरीचे तंतू खाते.

पालीबद्दल माहितीपेक्षा भीतीच जास्त. आपल्या घरांत एकाहून अधिक जातींच्या पाली असतात. एकीच्या शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी असतात आणि ती खणखणीत चुकचुकते. दुसरी तिच्याहून मोठी, पिवळट पोटाची. बाहेर झाडाच्या खोडावर नागमोडी पट्ट्यांची एक तिसरीच असते. यांपैकी एकही विषारी नाही. दुधात किंवा आमटीत पाल पडली तर ते अन्न टाकून द्यावे हे बरोबरच आहे, पण त्याचे कारण विष नसून तिच्या विष्ठेतून येणारे जंतू हे आहे. पालीला पापण्या नसतात. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा ती जिभेने पुसते. याच खुणेवरून ती सापसुरळीपासून वेगळी ओळखू येते. सापसुरळीचे अंग गुळगुळीत, चकाकते असते, तिला पापण्या असतात, आणि ती भिंत सोडून जमिनीवर, पाल्यापाचोळ्यात वावरते. तिला चार पाय आहेत हे एकदा पाहून घेतले तरी पुष्कळ सापसुरळ्या वाचतील.

कुंडीतली माती उपसताना दोरीच्या तुकड्यासारखे काहीतरी वळवळते आणि ते गांडूळ समजले जाते. गांडुळाचे अंग ओलसर असते आणि त्यावर वलये असतात. अंग कोरडे, काळसर, खवल्यांनी चकाकणारे असले आणि तोंडातून सूक्ष्म जीभ लवलवत असली, तर तो वाळा नावाचा साप. तो अगदी निरुपद्रवी असून मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. या जातीत नर आढळलेले नाहीत. मादीच नराविना अंडी घालते, आणि त्यामुळे कुंडीतून गेलेला एकच वाळा नव्या मुलखात आपला वंश वाढवू शकतो. झाडांच्या कुंड्यांबरोबर ही जात जगभर पोचली ती अशी.

मण्यार आणि कवड्या यांच्या बाबतीत मात्र ओळखीची चूक जीवावर बेतते. कवड्या हा बिनविषारी साप भिंतीवर चढतो, घरात शिरतो. त्याच्या तपकिरी अंगावरचे फिकट पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे जाता जाता विरत जातात. मण्यारीत बरोबर उलटे : काळ्या-निळसर अंगावर पांढऱ्या, बहुधा जोडीजोडीने असलेल्या बारीक रेघा शेपटीकडे अधिक स्पष्ट आणि मानेकडे पुसट. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. पण ही खूण पाहण्याइतके जवळ कुणी जाऊ नये, आणि मण्यारीच्या पिलांत पुढचे पट्टेही स्पष्ट असू शकतात हेही ध्यानात ठेवावे. मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्याला तिचा दंश बहुधा जाणवतही नाही आणि खूण जेमतेम दिसते. पहाटे पोटात कळा आणि पापण्या जड होणे हे पहिले लक्षण असते. अशा वेळी साप शोधत बसण्यापेक्षा प्रतिविष मिळेल ते रुग्णालय गाठावे. घरात पट्टेरी साप दिसला तर लांबूनच फोटो घेऊन सर्पमित्राला बोलवावे. येथे स्वतःच्या ओळखीवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर पानाच्या मधोमध पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे दिसले तर ती बहुतेक वेळा लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. वाढता वाढता कात टाकून ती हिरवी होते. मग तिला हलकेच स्पर्श केला की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. याच झाडांवर कॉमन मॉर्मन नावाच्या काळ्या फुलपाखराच्याही अळ्या असतात, आणि खरी गंमत त्याच्या मादीत आहे. तिचे एक रूप कॉमन रोझ या फुलपाखराची हुबेहूब नक्कल करते. कॉमन रोझच्या अंगातले विष पक्ष्यांना नकोसे असते, त्याचा फायदा या मादीला मिळतो. पंखांवरच्या पांढऱ्या-लाल खुणा पाहून भले भले फसतात. पण धड पाहावे : कॉमन रोझचे धड लाल, नक्कल करणारीचे काळे. रंगावर जायचेच तर तो पंखांचा नको, धडाचा.

उंदीर आणि चिचुंद्री यांत गोंधळ नसावा, पण तो सर्रास होतो. चिचुंद्रीचे नाक लांब, सोंडेसारखे हलणारे; डोळे बारीक; वास असा की ती गेल्यावरही ती आल्याचे कळते. ती कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी, नाही. झुरळे, किडे, गांडुळे हा तिचा मुख्य आहार. पिले थोडी मोठी झाली की आईच्या शेपटाकडचे केस एक पिलू तोंडात धरते, त्याच्या मागचे त्याला, आणि अशी माळ भिंतीच्या कडेने धावते.

घराच्या आवारातल्या या प्रजेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन १८५१ साली साताऱ्यात जन्मला. मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात त्याची नोकरी होती. ‘ईहा’ या टोपणनावाने त्याने १८८३ मध्ये ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ प्रसिद्ध केले. त्यात उंदीर, डास, पाली, मुंग्या आणि कावळे आहेत. वाघाची शिकार नाही. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत तो होता. शिकारीच्या कथांनी भरलेल्या त्या काळात हे लिहायला वेगळीच नजर लागते.

आता हाताशी मोबाइल असतो, तेव्हा फोटो कसा काढायचा हे कळले पाहिजे. वरून काढलेला एकच सुंदर फोटो बहुतेक वेळा ओळखीला निरुपयोगी ठरतो. वरून एक, बाजूने एक, जमल्यास तोंडासमोरून एक, आणि आकार कळावा म्हणून शेजारी नाणे किंवा काडी ठेवून एक असे फोटो हवेत. अळी असेल तर ती ज्या झाडावर आहे त्याच्या पानाचाही फोटो घ्यावा. अर्धी ओळख तिथेच होते. बेडकाच्या बोटांचा फोटो घ्यावा : टोकांना गोल चकत्या असतील तर तो झाडावरचा बेडूक, जो उन्हाळ्यात न्हाणीघराचा ओलावा शोधत येतो. चामखिळीसारख्या फोडांची कोरडी कातडी आणि डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतील तर तो भेक.

२००८ साली सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या दोन्ही ठिकाणी असे फोटो तारीख आणि जागेसह देता येतात आणि जाणकार त्यावर मत देतात. मोबाइल आपणहून नाव सुचवतो, तेही उपयोगाचे असते. पण ते सूचना म्हणूनच घ्यावे, कारण यंत्रही प्रामुख्याने रंग आणि नक्षीच पाहते. पुष्कळ कोळी, बारीक भुंगेरे आणि पतंग फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येतच नाहीत. त्यासाठी जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. अशा वेळी अनुभवी अभ्यासकही कूळ किंवा फार तर वंश (जीनस) लिहून पुढची जागा मोकळी ठेवतात.