नाताळची सजावट : मातीतून आलेली, मातीत जाणारी

(आपल्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या डिसेंबर महिन्यातील कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला विषय दिला आहे, झाडं-पानं आणि निसर्गातल्या वस्तू वापरून नाताळात घर कसं सजवावं. मी माहेरची वसईची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पण खरं सांगू का, यातलं निम्मं तुम्हाला येतंच. घटस्थापनेला तुम्ही धान्य पेरता, दिवाळीला कामट्यांचा कंदील करता, दसऱ्याला दाराला आंब्याचं तोरण बांधता. नाताळला हेच हात आणि हेच सामान लागतं, फक्त सण वेगळा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते आणि मग तिच्याच आधाराने बोलते. सजावटीची कुठलीही वस्तू घरात आणताना दोन प्रश्न विचारायचे. ही आली कुठून? आणि सण झाल्यावर ही जाणार कुठे? दोन्हींची उत्तरं नीट देता आली, तर ती वस्तू आणावी.

आता गोठ्यापासून सुरू करू. बाळ येशूचा गोठा देखाव्याच्या रूपात मांडण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसपासून रुजली असं मानतात. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावात त्यांनी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली. तिच्यात वैरण घातली आणि शेजारी खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. म्हणजे या सजावटीतली अगदी पहिली वस्तू कोणती, तर गवत! ना चमकी, ना थर्माकोल. थर्माकोलच्या सजावटीवर तर आपल्या राज्यात 2018 पासून बंदीच आहे. गोठ्याचं छप्पर भाताच्या पेंढ्याचं करा. आपल्याकडे भात कापून झालेला असतो, त्यामुळे या दिवसांत पेंढा सहज मिळतो. भिंतींना बांबूच्या कामट्या किंवा वाळलेल्या झावळीचे हीर चालतात. डोंगरासाठी गोणपाट मातीच्या पाण्यात बुडवून चुरगळून ठेवा, वाळलं की तसंच राहतं. आणि कापसाचं बर्फ कशाला हवं? वसईत काय, ठाण्यात काय, बर्फ कोणी पाहिलंय? आपला गोठा आपल्या मातीतला दिसू दे.

गोठ्यासमोर हिरवं शेत हवं. ते विकत आणू नका, पेरा. मूठ-दोन मूठ गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड काढायचे आणि पसरट थाळीत दोन बोटं माती घालून वर दाट पेरायचं. रोज हाताने पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. थंडीत उगवण जरा हळू होते, म्हणून 12-13 डिसेंबरला पेरलं की 24 तारखेच्या रात्री छान हिरवंगार शेत तयार असतं. घटाचं धान्य देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळं उगवतं, कारण त्याला उजेड मिळत नाही. इथे आपल्याला हिरवं हवंय, तेव्हा थाळी खिडकीत ठेवा. हे काम मुलांकडे द्या. सणाच्या आधी बारा दिवस रोज सकाळी जाऊन बघायचं, आज किती वाढलं. बाजारातून आणलेल्या कुठल्याच डेकोरेशनमध्ये ही वाट बघण्याची मजा नाही.

आता तारा. कंदील करणाऱ्यांना हा अवघड नाही. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा. त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. मग आत, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, वीतभराहून लहान अशा पाच काड्या आडव्या अडकवा. तारा लगेच फुगतो. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवा. खळ पुढच्या वर्षी भिजवली की सुटते, सांगाडा तसाच राहतो आणि नुसता कागद बदलायचा. आत छोटा एलईडी दिवा लावा, मेणबत्ती नको.

आता झाडाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त याच विषयावर बोलायचं आहे.

युरोपात थंडीत बाकीची झाडं पानं गाळतात आणि फर, पाइन तेवढे हिरवे राहतात, म्हणून ते घरात आणायची पद्धत पडली. जर्मनीतली ही रीत इंग्लंडमध्ये घरोघर पोचली ती राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र 1848 मध्ये तिथल्या साप्ताहिकात छापून आल्यानंतर. आपल्याकडे फर नाही, म्हणून लोकांची नजर सुरूकडे गेली. दिसायला अगदी पाइनसारखा. पण अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावरचे सुरू समुद्राचा वारा आणि उडती वाळू अडवतात. त्यांच्या फांद्या नाताळसाठी तोडायच्या नाहीत. खाली पडलेली बोंडं मात्र हवी तेवढी वेचा. धुऊन, उन्हात वाळवून दोऱ्यात ओवली की सुंदर माळ होते आणि डब्यात ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते.

आणि आपल्या गेटजवळचा तो उंच 'ख्रिसमस ट्री'. त्याचं नाव आरोकेरिया, मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. दरवर्षी डिसेंबर आला की कोणीतरी माळीकाकांना विचारतं, "वरचा शेंडा काढून द्या ना, हॉलमध्ये ठेवायला अगदी मापाचा आहे." कृपा करून हे विचारू नका. या झाडाचा शेंडा एकदा कापला की ते पहिल्यासारखं सरळ, देवळाच्या शिखरासारखं पुन्हा वाढत नाही. बरं, बाजूची फांदी कापून कुंडीत लावावी म्हटलं, तर ती जगली तरी आडवीच वाढते, उभी होतच नाही. म्हणजे एका रात्रीच्या शोभेसाठी झाडाचा आकार कायमचा जातो. शिवाय शहरातलं झाड तोडायला 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ते वेगळंच. ज्यांना खरं झाड हवं त्यांनी नर्सरीतून कुंडीतलं लहान झाड घ्यावं, दहा-बारा दिवस घरात ठेवावं आणि मग उजेडाच्या बाल्कनीत. तेच झाड पुढच्या वर्षी आणखी थोडं उंच होऊन सणाला येतं. नाहीतर गुळवेलीचे किंवा मधुमालतीचे छाटलेले वेल वळवून चक्र करा, दाराला लावा. त्यात बोगनवेलीची फुलं खोवा, वाळली तरी रंग धरतात. नागपूरची संत्री आलेली असतात. त्यांच्या पातळ चकत्या कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा आणि दालचिनी, चक्रीफुलासोबत टांगा. घरात शिरल्याबरोबर सणाचा वास येतो.

पॉइनसेटियाबद्दल खूप जणी विचारतात. "आणला तेव्हा लालभडक होता, दुसऱ्या वर्षी हिरवाच राहिला!" हे झाड मेक्सिकोचं. 1820 च्या दशकात अमेरिकेचे तिथले राजदूत जोएल पॉइनसेट यांनी ते आपल्या देशात नेलं, म्हणून हे नाव. लाल दिसतात ती फुलं नाहीत, पानं आहेत. मधले पिवळे ठिपके ती फुलं. आणि पानं लाल व्हायला झाडाला लांब, अखंड रात्र लागते. ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे रोज सुमारे 14 तास सलग काळोख हवा. आपण कुंडी ठेवतो पॅसेजमध्ये, तिथे ट्यूबलाइट रात्रभर चालू! मग ते बिचारं कसं लाल होणार? संध्याकाळी सहाला वरून खोका झाका, सकाळी आठला काढा, आणि दिवसा भरपूर ऊन द्या.

लहान मुलं आणि मांजरं-कुत्री असलेल्या घरांसाठी चार सूचना. पॉइनसेटियाचा चीक अंगाला खाजतो, पोटात गेला तर मळमळतं, म्हणून कुंडी उंचावर ठेवा. लाल-काळ्या गुंजा दिसायला फार गोड, पण त्या चावल्या गेल्या तर जीवघेण्या आहेत. सजावटीत अजिबात नकोत. कण्हेर संपूर्ण विषारी, तिच्या फांद्या दिवाणखान्यात आणू नका. आणि पेंढा, वाळलेली पानं, कापूस यांच्याजवळ मेणबत्ती किंवा गरम होणारे दिवे ठेवू नका. जिन्यात आणि पॅसेजमध्ये तर कोरडी सजावट नकोच. ती आपली बाहेर पडायची वाट आहे.

आता दुसरा प्रश्न, जाणार कुठे? 6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गोठा उतरवतात. आपल्या मीटिंगमध्ये दर महिन्याला एक तक्रार ठरलेली असते, खतखड्ड्याला वास येतो. वास का येतो? आपण त्यात ओलं फार टाकतो, भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, आणि कोरडं जवळजवळ काहीच नाही. ओल्याच्या थरावर कोरड्याचा थर पडला की हवा खेळते, वास थांबतो आणि खत चांगलं होतं. सगळ्या घरांतला पेंढा, पानं, गव्हाचं शेत, संत्र्याच्या चकत्या, वेलींची चक्रं हे तुकडे करून खड्ड्यात गेलं, तर खड्ड्याला हवं ते कोरडं आयतंच मिळेल. अट एकच. सोनेरी स्प्रे, चमकी, प्लास्टिकची रिबन, सेलोटेप यातलं काही त्याला लावायचं नाही. रंग हवाच असेल तर गेरू आणि चुना आहेत, बांधायला सुतळी आहे. रंगवलेलं पान हे पान राहत नाही, कचरा होतं.

म्हणून माझी सूचना अशी आहे की या वर्षी 6 तारखेला संध्याकाळी सगळ्यांनी आपली सजावट घेऊन खाली यावं. ज्यांनी नाताळ केला त्यांनी तर यावंच, आणि ज्यांच्याकडे संक्रांतीच्या आवराआवरीत जुनी तोरणं, सुकलेले हार निघतील त्यांनी तेही आणावेत. मुलं थर लावतील, माळीकाका बघतील. पावसाळ्याआधी त्याचं खत होईल आणि पहिली पाटी गेटजवळच्या आरोकेरियाच्या बुंध्याशी घालू. पंचवीस वर्षं तो आपल्या सगळ्यांच्या सणांना उभा आहे, आपणही त्याला काहीतरी द्यायला हवं.

तुम्हा सर्वांना नाताळच्या, नव्या वर्षाच्या आणि आपल्या रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.